मधला फॉर्म नाही

२ जून

बारक्याचे कागद पिशवीत भरून आणले. आजवर तो माझं रिटर्न भरायचा, यंदा मी त्याचं भरणार — उलटा कारभार. बेचाळिशीचा झाला तरी बारक्याच. आईने ठेवलेलं नाव, आई गेली तरी गेलं नाही.

भावजय म्हणाली, "न्या हो ताई, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. कागद बघितला की आता मळमळतं."

घरी येऊन फाईल उघडली. नकाशे काढणाऱ्या माणसाची फाईल. कोपऱ्याला कोपरा जुळलेला, पाठीवर त्याच्या सरळ उभ्या अक्षरात वर्ष. हिवाळ्यापर्यंतचे कागद असे. त्यानंतरचे भावजयीने हाताला येतील तसे कोंबलेले — दवाखान्याची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, कंपनीचं 'आम्हांला खेद वाटतो' असं पत्र. पक्षाघाताचा झटका कधी आला ते फाईलकडे नुसतं बघून कळतं.

उजवा हात ठेवावा तिथे राहतो. बोलणं गेलं. एकच शब्द उरला — मंगळवार. मंगळवारच का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. जेवलास का? मंगळवार. दुखतंय का? मंगळवार. पण सूर बदलतो, आणि त्या सुरावरून आम्ही अंदाज बांधतो. शिवी मात्र शाबूत आहे. चहा सांडला की "च्यायला" इतकं स्वच्छ निघतं की वाटतं, आता पुढचं वाक्य येईल. येत नाही.

कापलेला कर परत मिळाला तर बोलणं शिकवायला येते त्या थेरपिस्टचे वर्षाचे पैसे निघतील. शेवटची तारीख जुलैअखेर. वेळ आहे.

५ जून

कारखान्यातून अर्धा दिवस मागितला. मालक म्हणाले, "सरकारला हिशेब द्यायला सुटी? सरकारकडून घ्यायचा असता तर दोन दिवस दिली असती." पण दिली.

कर कार्यालयात भिंतीला लाकडी कप्पे, त्यांत फॉर्मचे गठ्ठे. लहान फॉर्म नुसत्या पगारदारांचा, मोठा फॉर्म पगाराशिवाय आणखी काही कमाई असेल त्यांचा. एवढं वर पाटीवर लिहिलेलं आहे, तरी खिडकीपुढे ही रांग. माझ्या पुढच्या गृहस्थांनी विचारलं, "मी कबुतरं पाळतो आणि विकतो. मला कुठला?" खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली, "कबुतरं पगारी आहेत का?" गृहस्थ विचारात पडले. मग त्यांनी मुकाट मोठा घेतला.

मी लहान घेतला. बारक्याला पगारच होता.

६ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

फॉर्म त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. म्हटलं, बघ, भरायला घेतेय. त्याने डाव्या हाताने कागद सरकवला. मला वाटलं, जवळ हवाय. पुन्हा पुढे केला. पुन्हा सरकवला — ह्या वेळी टेबलाच्या कडेपर्यंत.

भावजय म्हणाली, "राहू द्या ताई, दमलेत. दुपारनंतर असंच करतात."

"मंगळवार," तो म्हणाला. चिडून.

मग त्याने बोट उचललं आणि भिंतीकडे केलं. भिंतीवर काय — त्याच्या संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गातल्या मुलीने काढलेलं एका पायरीचं चित्र. मी म्हटलं, छान आहे. त्याने डोळे मिटले. मूर्खाशी बोलताना तो लहानपणापासून असे डोळे मिटतो. बोट पुन्हा चित्राकडे, मग फॉर्मकडे.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्ग. वर्गाची फी. पगाराशिवाय कमाई — मोठा फॉर्म!

"अरे, मोठा हवा?"

"मंगळवार," तो म्हणाला, आणि मागे रेलून हसला. अर्ध्याच तोंडाने, पण तेच हसू — माझी बेरीज चुकली की हसायचा ते.

म्हणजे त्याला सगळं कळतंय. कोणी काय म्हणायचं ते म्हणो. लहान की मोठा हे मला कळलं नाही, त्याला कळलं. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते.

१० जून

मोठा फॉर्म घेतला. खिडकीतल्या बाईने सहज विचारलं, "सही कोण करणार?"

मी सांगितलं — भाऊ, पण हात चालत नाही, बोलता येत नाही. तिने पेन खाली ठेवलं. मग वरच्या कप्प्यातून तिसराच फॉर्म काढला. प्रतिनिधीचा.

आता तिने समजावलं ते जसंच्या तसं. माणसाला समजत असेल, तर रिटर्न त्याचं त्यानेच भरायचं. सही जमत नसेल तर साहेबांसमोर यायचं, साहेब प्रश्न विचारतील, त्याची त्याने उत्तरं द्यायची, कशीही द्यायची, मग डाव्या हाताची खूण चालते. माणसाला समजत नसेल, तर प्रतिनिधी. डॉक्टरांचा दाखला लागतो, खाली साहेबांचा शेरा — 'सदर व्यक्तीस स्वतःचे व्यवहार समजत नाहीत.' त्यानंतर बँक, घर, सगळीकडे प्रतिनिधीचीच सही. भावाला पुन्हा यायला नको.

"आणि हे नंतर मागे घेता येतं?"

"कोर्टात जाऊन. मी तरी कुणी घेतलेलं पाहिलं नाही."

मी विचारलं, त्याला समजतं, पण करता येत नाही, अशांसाठी काही? अधिकारपत्र वगैरे?

"अधिकारपत्रावर पण सही त्यांचीच ना? ते पण साहेबांसमोर. आणि दरवर्षी नवं. समजतं किंवा समजत नाही, बाई. मधला फॉर्म नाही."

११ जून

आज खरोखरच मंगळवार. बारक्याने दिवसभर सगळ्यांना बरोबर उत्तरं दिली.

१२ जून

भावजयीला दोन्ही फॉर्म दाखवले. मला वाटलं होतं, तीही माझ्यासारखीच उसळेल.

तिने प्रतिनिधीचा फॉर्म हातात घेतला. उभ्या-उभ्या वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला.

"हा भरला की बँकेत मी एकटी जाऊ शकते?"

"त्यावर काय लिहितात ते वाचलंस का?"

"वाचलं."

"तुला पटतं ते? ह्याला समजत नाही?"

"ताई, मला पटायचा प्रश्न कुठे आला." ती हळू बोलत होती, आतल्या खोलीत तो जागा होता म्हणून. "पैसे यांच्या खात्यात अडकलेत. मी माझी नोकरी सोडून बसले. भाडं माझ्या भावाने भरलं दोनदा. बँकवाले म्हणतात, त्यांना आणा. यांना आणायचं म्हणजे काय ते तुम्हांला माहीत नाही. तुम्ही रविवारी येता."

रविवारी येता. लागलं ते. मीही म्हटलं, "म्हणून त्याला खुळा ठरवायचं? एकदा कागदावर आलं की तो कुणी राहत नाही, कळतंय का तुला? स्वतःच्या घराबद्दलही त्याला कुणी विचारणार नाही."

"मी विचारीन की."

"तू विचारशील. कायदा विचारणार नाही."

ती म्हणाली, "कायद्याला यांची कूस बदलायची नसते."

पुढच्या आठवड्यात बँकेत मीही येते, असं सांगून निघाले.

१६ जून

गेले नाही. रविवार असूनही. मुद्दाम.

१९ जून

बँक.

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खालच्या दुकानातले दोन हमाल बोलावले. जेवणाच्या टेबलाची खुर्ची, तीत बारक्या, कमरेला चादर बांधून. पुढचा हमाल उलटा पायऱ्या उतरतो, मागचा "सांभाळ, सांभाळ" म्हणतो. वळणावर खुर्ची तिरकी करावी लागते. बारक्याचे डोळे मिटलेले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई दार उघडून उभ्या — "आई गं, काय ही अवस्था, किती रुबाबदार होता." त्याच्यासमोर! जणू खुर्चीत कपाट आहे.

बँकेतला तरुण मनुष्य वाईट नव्हता. पण तो ओरडून बोलत होता. "पैसे — काढायचे — आहेत — का?" भावजय म्हणाली, "त्यांना ऐकू येतं." तो म्हणाला, "हो हो," आणि पुन्हा ओरडला. रांग बघत होती. बारक्याने होकारार्थी मान हलवायला हवी होती, नकारार्थी हलली. घाबरला की त्याचं हो आणि नाही उलटं होतं, थेरपिस्टने आम्हांला पहिल्यापासून सांगितलंय. तो मनुष्य म्हणाला, "बघा, नाही म्हणतायत." पुन्हा विचारलं. आता हो आलं. "मग नक्की काय?" मॅनेजरबाई आल्या. त्यांनी पुन्हा विचारलं.

तेवढ्यात चादर ओली झाली.

भावजयीने काही न बोलता स्वतःची ओढणी काढून त्याच्या मांडीवर टाकली. तिच्या हाताला सवय होती. माझ्या हाताला नव्हती, मी नुसती पिशवी धरून उभी.

पैसे मिळाले. वर जाताना हमालांनी जास्त मागितले, चढ आहे म्हणून. बरोबरच आहे.

बारक्या रात्री जेवला नाही असं कळलं.

हे सगळं मी का लिहितेय? कारण ह्यातून मला एवढंच दिसतं — जगाने त्याला आत्ताच गेलेल्यांत धरलंय. आणि अशा वेळी आपणच सही करून द्यायची? नाही. मी तरी नाही देणार.

२१ जून

डॉक्टर. मी विचारलं, त्याला समजतं असा दाखला द्याल का?

"देईन."

भावजयीने विचारलं, आणि समजत नाही असा?

"तोही देईन." त्यांनी थट्टा केली नव्हती. "समजतं, पण दर वेळी नाही. दमला की नाही, घाबरला की नाही. कुठल्या वेळचं लिहू ते तुम्ही सांगा."

बाहेर आल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. मग ती म्हणाली, "तुम्ही तुमचं करून बघा ताई. साहेब हो म्हणाले तर मी आड येणार नाही." तिने आपल्या डब्यातली अर्धी पोळी मला दिली.

तिच्याशी भांडणं मला जमत नाही. भांडावं असं ती काही करतच नाही.

२४ जून

थेरपिस्ट पंचविशीची आहे, पण बारक्याशी बोलताना आवाज चढवत नाही. हे करणारी एकटीच. ती म्हणाली, मान चुकते, पण वस्तू हातात दिल्या तर चूक कमी होते. दोन वेगळ्या वस्तू घ्या, बोटांना फरक कळेल अशा. एक 'हो', एक 'नाही'.

वस्तू तर माझ्याकडे ढिगाने. आम्ही कमी-जास्त उंचीच्या पायांसाठी बूट करतो. एका पायाखाली किती भर घालायची ते मोजायचं, तेवढा कॉर्क कापायचा, वरून चामडं. मालकांना विचारून कॉर्कची एक चकती आणि चामड्याचा एक तुकडा आणला. चामडं म्हणजे हो, कॉर्क म्हणजे नाही.

मालकांनी विचारलं, कशाला? सांगितलं. ते थोडा वेळ एका साच्यावरून हात फिरवत राहिले, मग म्हणाले, "दाबून बसेल असा बूट नको करूस पोरी. गिऱ्हाईक चांगलंय, चांगलंय म्हणत घेऊन जातं, आणि घरी काढून ठेवतं."

त्यांचं सगळं बोलणं बुटांवरच येतं.

२८ जून

काय मजा आली आज!

"हा महिना डिसेंबर आहे?" कॉर्क. "तू नकाशे काढायचास?" चामडं. "मी तुझी बायको आहे?" त्याने कॉर्क असा टेबलावर आपटला की भावजय आतून बघायला आली. तिने विचारलं, "मी स्वयंपाक चांगला करते?" त्याने दोन्ही वस्तू हातात घेतल्या, तोलल्या, छताकडे बघितलं. मग कॉर्क. "बघते उद्या काय मिळतं ते," ती म्हणाली, आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

वीस-बावीस प्रश्नांत एकच चूक. तीही त्याची त्याने सुधारली.

असं वाटलं, घरात कुणीतरी परत आलंय.

थेरपिस्टने जाताना एक सांगितलं. "ज्याचं उत्तर तुम्हांला माहीत नाही असेही प्रश्न विचारा. नाहीतर ही परीक्षा होते, बोलणं होत नाही." हो म्हटलं. पण सुचेना. मला बारक्याबद्दल काय माहीत नाही?

१ जुलै

मोठा फॉर्म पूर्ण भरला. पगार, वर्गाची फी, दवाखान्याचा खर्च. त्याने प्रत्येक ओळ बोटाने तपासली. एका ठिकाणी थांबला, शून्य राहिलं होतं. खाली सहीची जागा मोकळी. नकाशाच्या कोपऱ्यात तो सही करायचा, ती किती बारीक आणि किती ठाम. आता डाव्या हाताची एक तिरकी रेघ. चालेल. त्याची असली म्हणजे झालं.

४ जुलै

कुठून सुरू करू.

पुन्हा तेच हमाल, तीच खुर्ची. ह्या वेळी त्याने जिन्यात डोळे मिटले नाहीत, भिंतीकडे बघत राहिला. टॅक्सीवाल्याने आधी नाही म्हटलं, सीट खराब होईल म्हणून. मग घेतलं.

साहेब वयस्क, निवृत्तीला टेकलेले असावेत. टेबलावर काचेखाली नातवंडांचे फोटो. त्यांनी खुर्चीतल्या माणसाकडे बघून नमस्कार केला, आमच्याकडे नंतर. मला बरं वाटलं. चकत्यांचं सांगितलं तर म्हणाले, "ठीक आहे. पण मधे कुणी बोलायचं नाही."

"हे रिटर्न तुमचं आहे?" चामडं.

"ह्यात काय लिहिलंय ते तुम्हांला कळतं?" चामडं.

"हे तुम्ही स्वतः भरू इच्छिता? इथून पुढे तुमचे व्यवहार तुमच्याच नावाने व्हावेत असं वाटतं?"

त्याने हात पुढे केला. कॉर्क.

मी म्हटलं, "साहेब, घाबरला की उलटं होतं त्याचं —"

"बाई, तुम्ही मागे बसा."

पुन्हा विचारलं, सावकाश, शब्द सोपे करून. कॉर्क.

"त्याला जिना उतरवून आणलंय साहेब, तो दमलाय, काल झोपला नाही," मी बोलतच राहिले. भावजयीने माझा दंड धरला. बारक्या माझ्याकडे बघत नव्हता. साहेबांकडे बघत होता. त्याचा कॉर्कवरचा हात स्थिर होता — हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. तिथे दिसलं नाही.

साहेबांनी मग विचारलं, "ह्या तुमच्या भगिनी?" चामडं. "आज पाऊस पडतोय?" कॉर्क, आणि पडत नव्हता.

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मला आज काही लिहायचं नाही. तारीख देतो. त्या दिवशी हे एकटे आत येतील. तुम्ही दोघी बाहेर."

टॅक्सीत मी म्हटलं, "उलटं झालं. एवढंच झालं. पुढच्या वेळी नीट होईल, हो ना?"

बारक्या म्हणाला, "मंगळवार." हा सूर मी आधी ऐकला नव्हता. अर्थ लावता आला नाही.

८ जुलै

कामावरून रोज थेट तिकडे जातेय. सराव.

तो प्रश्न विचारते. कॉर्क. पुन्हा विचारते. कॉर्क. म्हटलं, अरे, नीट ऐक — तुझं तू भरायचंय. तुझं. हे बघ, असं. त्याचा हात धरून चामड्यावर ठेवला. पुन्हा विचारलं, पुन्हा धरून ठेवला. असं बरंच झालं. त्याचा हात माझ्या हातात जड होत गेला, दुसऱ्या हातासारखा.

थेरपिस्ट दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे.

"ताई, तुम्ही विचारताय की सांगताय?"

"तुला माहीत नाही तो कोण होता," मी म्हटलं.

"नाही माहीत," ती म्हणाली. "मला आत्ताचे माहीत आहेत."

पोरगी आगाऊ आहे. नाही, आगाऊ नाही.

बारक्याने चामड्याचा तुकडा उचलून माझ्या पिशवीत टाकला. नीट, काळजीपूर्वक, जसं कुणी कुणाची विसरलेली वस्तू परत करतं. "च्यायला" म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

९ जुलै

कारखान्यात आज एका पायाचं माप दोनदा चुकलं. मालकांनी काम काढून घेतलं, चहा पुढे ठेवला.

११ जुलै

भावजयीचा फोन. जपून बोलत होती.

"ताई, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"बँकेत गेलो होतो ना, त्या रात्री हे रडले. झटका आल्यापासून पहिल्यांदा. मी तुम्हांला सांगितलं नाही. नुसतं जेवले नाहीत एवढंच बोलले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी यांना काही शिकवलेलं नाही ताई. आईशपथ. मी त्या फॉर्मचं नावसुद्धा काढत नाही यांच्यासमोर."

"मी कुठे म्हटलं तू शिकवलंस."

"म्हटलं नाहीत. पण मनात आलं असेल तर."

आलं होतं. जिन्यात, टॅक्सीत, कारखान्यात कॉर्क कापताना — आलं होतं. तिला म्हटलं, "छे गं, काहीतरीच."

मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तेही मला पटतं. रोज पटतं. सकाळी यांची दाढी करताना वाटतं, यांना सगळं समजतं, आपण कोण यांच्या जागी सही करणार? आणि संध्याकाळी वाटतं, मी आता पडणार. मी पडले तर दोघांना खुर्चीतून उतरवायचं."

हसलो दोघी. हसू आलं खरं.

१४ जुलै

रविवार. गेले. फॉर्मचा विषय काढला नाही, चकत्या नेल्या नाहीत. त्याची नखं कापली. डाव्या हाताची तो स्वतः पुढे करतो, उजव्याची मी उचलून घ्यायची.

एकदा विचारावंसं वाटलं — तुला नक्की काय हवंय? तोंडापर्यंत आलं. पण मग उत्तर मिळालं असतं.

येत्या बुधवारी तारीख. अजूनही वाटतं, तो आत एकटा असेल, मी समोर नसेन, हमाल नसतील, कुणी ओरडणार नाही — आणि त्याचा हात नेमका बरोबर जागी जाईल. इतक्या वर्षांचा नेम आहे त्याचा. तो उजव्या हाताचा असला म्हणून काय झालं.

मोठा फॉर्म घडी पडणार नाही असा पुठ्ठ्यात घालून ठेवलाय.

१७ जुलै

मी बाहेर बाकावर. दुसऱ्या टोकाला भावजय. दार लावलेलं.

बऱ्याच वेळाने साहेब स्वतः बाहेर आले. हातात प्रतिनिधीचा फॉर्म. प्रतिनिधी म्हणून भावजयीचं नाव. खाली तिरकी रेघ, अजून ओली.

"सहा तऱ्हांनी विचारलं, बाई. उलट करून विचारलं, सुलट करून विचारलं. तुमचं नाव घेऊनही विचारलं. एकदाही चुकले नाहीत." मग फॉर्मकडे बघत म्हणाले, "इतकं समजून उत्तर देणारा माणूस ह्या खोलीत क्वचित येतो. आणि आता मला त्यांच्या नावापुढे लिहायचंय, समजत नाही."